टिपेचा डबा आणि सात मिनिटं

पगारावरून माणसं जेवढी भांडत नाहीत तेवढी हॉटेलातल्या टिपेच्या डब्यातल्या चिल्लरीवरून भांडतात, असं माझं ठाम मत आहे. पगार ठरवणारा काचेच्या खोलीत बसलेला असतो, चिल्लर वाटणारा हाताच्या अंतरावर उभा असतो. भांडायला तोच सोयीचा.

समजा, डब्यात 3,000 जमले. वाटेकरी चार: दोन वेटर, एक बारवाला, एक टेबलं पुसणारा. तिघांनी आठ-आठ तास काम केलं, दुसरा वेटर मात्र चारच तास होता. समान वाटणी केली तर प्रत्येकी 750. चार तासवाल्याला त्या क्षणी समतेचं तत्त्व मनापासून पटतं. बाकी तिघांना पटत नाही, म्हणून तासांवर वाटायचं ठरतं. एकूण तास 28. आठ तासवाल्यांना प्रत्येकी 857, चार तासवाल्याला 428. बेरीज 2,999. उरला एक. ह्या एकाचं काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर तो रोज डबा वाटणाऱ्या कप्तानाच्या, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाच्या, खिशात जातो, आणि महिनाभरात ‘कप्तान डब्यावर हात मारतो’ ही बातमी भटारखान्यापर्यंत पोचते. उरलेली चिल्लर दुसऱ्या दिवशीच्या डब्यात टाकायची, एवढ्या एका नियमाने कप्तानाची अब्रू वाचते.

मग कुणीतरी हुशार माणूस पॉइंट पद्धत आणतो. वेटरला 10, बारवाल्याला 5, पुसणाऱ्याला 5. पॉइंट गुणिले तास: 80, 40, 40, 40. बेरीज 200, म्हणजे एका पॉइंटला 15. पहिल्या वेटरला 1,200, बाकी तिघांना 600. हिशेब इतका चोख की उरत काहीच नाही. तेवढ्यात टेबलं पुसणाऱ्याच्या लक्षात येतं, की आपले आठ तास म्हणजे त्या वेटरचे चार तास. गणित चुकलेलं असतं तर भांडण पाच मिनिटांत मिटलं असतं. ते बरोबर आहे, म्हणून वर्षभर चालतं.

त्यामुळे पॉइंट ठरवायचे ते डबा उघडण्याआधी, कागदावर, सगळ्यांसमोर. पैसे दिसल्यावर प्रत्येकाला स्वतःचं काम अवघड वाटायला लागतं. मोजायला दोघं हवेत, आणि त्यातला एक तरी वाटप न करणारा हवा. वहीत तारीख, रक्कम, प्रत्येकाचे तास आणि सही. सही करताना माणूस आकडा वाचतो. नुसता तोंडी सांगितला तर ‘हो हो’ म्हणतो आणि घरी जाऊन चिडतो.

साहेबांनी ह्या डब्यात वाटा मागू नये, हे सांगायला कायदे करावे लागले यातच सगळं आलं. अमेरिकेत 2018 पासून मॅनेजर आणि सुपरवायझर यांनी कर्मचाऱ्यांच्या टिपेतला वाटा ठेवायला बंदी आहे. ब्रिटनमध्ये 1 ऑक्टोबर 2024 पासून मालकाने टिप पूर्ण वाटायची, आणि ती मिळाली त्याच्या पुढचा महिना संपायच्या आत. कार्डावरची टिप तर मुळातच भुतासारखी: गिऱ्हाइकाने दिलेली सगळ्यांनी पाहिलेली, हातात आलेली कुणीच नाही. तिचा रोजचा आकडा वहीत वेगळा लिहून ठेवावा, नाहीतर महिनाअखेर आठवणींची बेरीज करावी लागते, आणि ती नेहमीच जास्त येते.

ओव्हरटाइमचा छळ जरा सभ्य असतो. तिथे चिल्लर नाही, मिनिटं गायब होतात. हजेरीचं यंत्र पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडतं. सात मिनिटांपर्यंत खाली, आठपासून वर. दोन्ही बाजूंना सारखं लावलं तर हे चालून जातं. पण सकाळी 9:03 ला आलेला माणूस 9:15 धरायचा आणि संध्याकाळी 6:14 ला गेलेला 6:00, असं एकाच दिशेने गोल करणारं यंत्र असलं तर समजावं, की ते मालकाने स्वतः निवडलंय. आणि नियम सरळ असला तरी रोज जेमतेम सात मिनिटं जादा थांबणाऱ्याची 24 दिवसांत 168 मिनिटं जातात, म्हणजे 2 तास 48 मिनिटं. ह्या हिशेबाला कुणी चोरी म्हणत नाही, ‘सिस्टिम तशीच आहे’ म्हणतात. यंत्रावर सुटल्याची नोंद, म्हणजे पंच, करून झाल्यावर ‘जाता जाता एवढं बघ’ म्हणून सांगितलेलं काम तर यंत्राच्या लेखी घडलेलंच नसतं. उपाय एकच: आधी काम, मग पंच.

जादा तासांचा दर सव्वापटीपेक्षा कमी नको, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्याच कराराने 1919 मध्ये म्हटलं. अमेरिकेच्या 1938 च्या कायद्याने दीडपट ठरवली, भारताच्या 1948 च्या कारखाने अधिनियमाने दुप्पट. तरीही दोन तास जादा काम केल्यावर दोनच तासांचा कॉम्प ऑफ, म्हणजे पैशांऐवजी सुट्टी, देताना साहेबांचा चेहरा दानशूराचा असतो. दर दीडपट असेल तर सुट्टी तीन तासांची होते. हे विनयाने सांगावं, पण लेखी सांगावं.

शिष्टाचाराबद्दल फारसं बोलत नाही. सुटायला पाच मिनिटं असताना ‘दोन मिनिटांची मीटिंग’ बोलावणाऱ्याला घड्याळ कळत नाही असं नाही, दुसऱ्याचं घड्याळ कळत नाही.

निरोपसमारंभाच्या पाकिटाविषयी मात्र बोललंच पाहिजे. पाकिटासोबत नावं आणि रकमांची यादी फिरवू नये. यादी आली की वर्गणीचा कर होतो. पाकीट कुणाच्या टेबलावर नेऊन उभं राहू नये, एका जागी ठेवून द्यावं. आणि सुरुवात साहेबांपासून तर अजिबात करू नये. त्यांनी मोठी नोट टाकली तर खालचे सगळे अडचणीत, आणि छोटी टाकली तर खालचे खूश, पण निरोप घेणाऱ्याच्या वाट्याला पेन.