‘उसनं दुःख’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, तुमची कमेंट परवा रात्री वाचली, काल दिवसभर डोक्यात घोळत राहिली आणि आज चार ओळी लिहायला बसले तर ते इतकं वाढलं की कमेंटमध्ये मावेना, म्हणून इथे वेगळं टाकतेय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉलच्या टीमच्या २००८ च्या सीझनवर लिहिलं होतं. सोळापैकी सोळा मॅच हरलेली एनएफएलमधली, म्हणजे त्या खेळाच्या मुख्य लीगमधली, ती पहिली टीम. त्याआधी १९७६ मध्ये टँपा बे ०-१४ झाली होती पण ती नवीकोरी टीम होती आणि मॅचच चौदा असायच्या. तर शिकागोच्या या वाचकांचं म्हणणं असं की, एक, लायन्सचा खेळाडू ऑर्लोव्स्की याचा तो सेफ्टीचा किस्सा (काय ते खाली येईलच) मी चुकीच्या गावात घातला. दोन, सगळा दोष मी जनरल मॅनेजर मॅट मिलन आणि टीमचे मालक असलेल्या फोर्ड घराण्यावर टाकला, पण मिलनला तर तीन मॅचनंतरच, २४ सप्टेंबरला काढलं होतं, पुढच्या तेरा मॅच कोच रॉड मरिनेली आणि त्यांचे जावई, डिफेन्स कोऑर्डिनेटर जो बॅरी यांच्या हाताखाली हरल्या, त्या डिफेन्सने ५१७ पॉइंट दिले, अख्ख्या सीझनमध्ये फक्त ४ इंटरसेप्शन घेतले (म्हणजे समोरच्याचे पास मध्येच झेलले), आणि यावर माझ्या लेखात अवाक्षर नाही. तीन, टीमच्या हरण्याला मंदीशी जोडणं ही नुसती भावनिकता, कारण त्याच गावात त्याच वर्षी जूनमध्ये आइस हॉकीच्या रेड विंग्जनी स्टॅनली कप जिंकला. आणि शेवटी एक ओळ: ‘बाकी लेख छान आहे, पण सांगलीहून आलेल्या माणसाचं लायन्ससाठीचं हे दुःख मला जरा उसनं वाटलं.’

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. ती मॅच लायन्सच्या घरच्या फोर्ड फील्डवर नव्हती, मिनेसोटा वायकिंग्जविरुद्ध मिनियापोलिसला मेट्रोडोममध्ये होती, १२ ऑक्टोबरला. दोन्ही छप्पर असलेली स्टेडियम आणि मी ती टीव्हीवर पाहिलेली, त्यामुळे डोक्यात गल्लत झाली. पोस्टमध्ये दुरुस्त केलंय, तुमचे आभारही मानलेत. चूक दाखवली तर मला राग येत नाही हे इथले जुने वाचक सांगतील.

पण सूर, दादा. सगळं बोलून झाल्यावर ‘बाकी लेख छान आहे’ म्हणायचं आणि त्याच वाक्यात माणसाला बाहेरचा ठरवायचं याला काय म्हणावं?

उसनं म्हणजे काय असतं? शेजारणीकडून वाटीभर साखर आणतो, वाण्याकडून आलं की परत देतो, ते उसनं. मी हे कुणाकडून आणलं आणि कुणाला परत दिलं ते सांगा. २००५ च्या पुरात सांगलीत आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, तेव्हा पुण्यातनं, कुठकुठनं माणसं धान्य, चादरी घेऊन आली, गाळ उपसायला लागली. माझ्या आईने त्यातल्या कुणाला विचारलं नाही की बाबा तुझं घर कृष्णेकाठी आहे का, नसेल तर तू कशाला रडतोस. ज्या गावात माणूस राहतो, ज्या गावाचं मीठ खातो, त्या गावाचं बरंवाईट त्याचं होतं. मला तरी घरात हेच शिकवलंय.

आम्ही २००६ मध्ये मिशिगनला आलो. नवरा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत (नाव घेत नाही, गरज नाही), मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या जोडीने मिळालेल्या व्हिसावर, तेव्हा त्यावर कामाला बंदी, कार चालवता येत नव्हती, आणि बाहेर पाच महिने बर्फ. शेजारी एक काका राहायचे, तीस वर्षं प्लांटमध्ये लाइनवर काम करून रिटायर झालेले. मला फुटबॉल त्यांनी शिकवलं, त्यांच्या बेसमेंटमध्ये बसून, कागदावर गोल आणि फुल्या काढून. १९५७ मध्ये लायन्स शेवटची चॅम्पियन झाली तेव्हा ते अकरा वर्षांचे होते आणि वडिलांबरोबर ब्रिग्ज स्टेडियमवर ती फायनल बघायला गेले होते, क्लीव्हलँडला ५९-१४ मारलं होतं. तो स्कोअर ते दर रविवारी एकदा तरी सांगायचे. मला आमचे आजोबा मारुती मानेंच्या कुस्त्या सांगायचे ते आठवायचं, तसाच आवाज, तसेच हातवारे.

त्यामुळे ऑर्लोव्स्कीचं जे झालं ते मी त्या बेसमेंटमध्ये पाहिलंय, यूट्यूबच्या क्लिपवर नाही. डॅन ऑर्लोव्स्कीची क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) म्हणून स्टार्ट करायची ती एनएफएलमधली पहिली मॅच. बॉल आपल्याच एक यार्डाच्या रेषेवर, त्यामुळे पाठीमागे फक्त एंड झोन, म्हणजे मैदानाच्या टोकाचा पट्टा. तो मागे सरकला, उजवीकडे धावला, अंगावर वायकिंग्जचा जॅरेड ॲलन येतोय, आणि धावता धावता त्याचा पाय मागच्या रेषेबाहेर गेला. एकदा नाही, बरीच पावलं तो बाहेरच धावत होता आणि त्याला पत्ताच नाही, शिट्टी वाजली तरी बॉल फेकायच्या तयारीत. आपल्याच एंड झोनमधून बाहेर गेलं की सेफ्टी, समोरच्याला २ पॉइंट. काकांच्या हातात चिप्सचा बाउल होता. त्यांनी तो न बोलता खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं यांना काही होतंय की काय, मी काकूंना हाक मारणार होते.

ती मॅच १२-१० अशी गेली. दोन पॉइंटांनी! शेवटी आम्ही १०-९ पुढे होतो, मग आमच्या ली बॉडनवर पास इंटरफिअरन्स (पास झेलणाऱ्याला अडवल्याचा फाउल) दिला, ४२ यार्ड फुकट, आणि नऊ सेकंद उरलेले असताना त्यांनी फील्ड गोल मारला, लाथेने, ३ पॉइंटांचा. सगळं जग आजही त्या पळण्यावर हसतं, स्वतः ऑर्लोव्स्कीसुद्धा आता टीव्हीवर ॲनालिस्ट म्हणून बसतो आणि हसतो, त्याचा तो हक्क आहे. मला हसू येत नाही. पहिल्याच दिवशी हजारो लोकांसमोर एका पंचवीस वर्षांच्या पोराला आपण कुठे उभे आहोत ते कळलं नाही, यात हसण्यासारखं काय आहे?

आणि आता मंदीबद्दल, कारण ‘भावनिकता’ हा शब्द तुम्ही अगदी सहज टाकलाय. नोव्हेंबरमध्ये तीन मोठ्या कार कंपन्यांचे सीईओ प्रायव्हेट जेटने वॉशिंग्टनला पैसे मागायला गेले, देशभर छी थू झाली, आणि त्याच महिन्यात नवऱ्याला कागद मिळाला, जानेवारीअखेरपर्यंत काम, पुढे नाही. तेव्हा एच-१ वाल्याला, म्हणजे नवऱ्यासारख्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला, नोकरी गेल्यावर साठ दिवसांची सवलत नव्हती, ती नंतर २०१७ मध्ये आली. आमची बॅग कधी भरायची एवढाच प्रश्न होता. थँक्सगिव्हिंगला लायन्सची मॅच असते, १९३४ पासूनची रीत, अख्खा देश बघतो. त्या दिवशी टेनेसीने ४७-१० मारलं. काकांच्या घरी टर्की होती, त्यांची दोन्ही मुलं प्लांटमध्ये, दोघांनाही आपलं पुढे काय ते माहीत नाही, आणि टीव्हीवर ते. जेवणं कुणाला गेली नाहीत. हे मी भावनिक होऊन सांगत नाहीये, त्या टेबलावर मी होते म्हणून सांगतेय. तुम्ही होतात का?

१९ डिसेंबरला बुशने कार कंपन्यांना १७.४ अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर केलं आणि २१ ला रविवारी मी पहिल्यांदा फोर्ड फील्डवर गेले. काकांकडे सीझन तिकिटं दोन, काकूंनी यायला साफ नकार दिला, नवरा घरी लॅपटॉप घेऊन अर्ज भरत बसलेला, म्हणून मी गेले. ०-१४ झालेले होते. समोर न्यू ऑर्लीन्स. आमच्या पुढच्या रांगेत बापलेक, दोघांनी डोक्यावर खाकी कागदी पिशव्या घातलेल्या, डोळ्यांना भोकं पाडून, टीमची लाज वाटते हे दाखवायला. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेल. दुसऱ्या हाफमध्ये त्याने पिशवी काढली, उकडत असेल, आणि त्याच्या गालावर कुणीतरी निळ्या रंगाने सिंह काढलेला होता तो घामाने पसरला होता. म्हणजे घरून निघताना आधी सिंह काढून घेतला आणि मग त्यावर पिशवी. ४२-७ हरलो. काका शेवटच्या सेकंदापर्यंत बसले, मग सीटखाली कुणीतरी टाकलेले कप गोळा केले, कचऱ्यात टाकले आणि चल म्हणाले. गाडीत एक शब्द नाही.

त्याच संध्याकाळी प्रेस कॉन्फरन्समध्ये एका पत्रकाराने मरिनेलींना विचारलं की तुमच्या मुलीने जरा बऱ्या डिफेन्स कोऑर्डिनेटरशी लग्न करायला हवं होतं असं वाटतं का. माणूस पंधरा मॅच हरून समोर बसलाय आणि तुम्ही त्याच्या पोरीवर जाता. त्या पत्रकाराला नंतर भरपूर ऐकावं लागलं आणि ते योग्यच झालं. दादा, स्पष्ट बोलते, तुमच्या शेवटच्या ओळीची जात तीच आहे. मॅचबद्दल बोला ना, डिफेन्सबद्दल बोला, माझ्या सांगलीला मध्ये कशाला आणता?

तुमच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल इतकंच, मिलन सप्टेंबरमध्ये गेला म्हणजे त्याने जमवलेली टीम सप्टेंबरमध्ये गेली नाही. २००१ पासून तो होता, २००३, २००४, २००५ अशी लागोपाठ तीन वर्षं त्याने ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडायच्या) पहिल्या राउंडमध्ये वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, घेतले, २००७ मध्ये परत एक घेतला (तो मात्र कॅल्विन जॉन्सन, ०-१६ च्या टीममध्येसुद्धा त्याने १३३१ यार्ड आणि १२ टचडाउन केले). सगळा खर्च दागिन्यांवर झाला तर छपराला कौलं कुठून येणार. २००५ मध्ये लोकांनी मिलनविरुद्ध मोर्चा काढला होता, तरी त्याला ठेवलं कुणी? मालकांनी. मरिनेली, बॅरी, ५१७ हे सगळं ठीक आहे, आकडे कुणालाही सापडतात, त्यात मी आत्ता शिरत नाही. आणि रेड विंग्जचं इथे काढायचं कारणच नव्हतं, त्यांचा खेळ वेगळा, मालक वेगळे, कारभार वेगळा.

बाकी तुम्ही शिकागोचे, म्हणजे बेअर्सवाले असणार. त्या वर्षी तुम्ही आम्हाला दोनदा हरवलंत, ३४-७ आणि २७-२३. दुसऱ्या वेळी हाफटाइमला आम्ही २३-१३ पुढे होतो, लक्षात असेल. जिंकणाऱ्याच्या खुर्चीत बसून दुसऱ्याचं दुःख खरं की उसनं हे तोलणं फार सोपं असतं, आणि इतकं सगळं तुम्हाला माहीत आहे तर स्वतः एक लेख लिहा की, कमेंटमध्ये मार्क कशाला वाटताय.

आम्ही परत गेलो नाही. फेब्रुवारीत नवऱ्याला ओळखीतून काम मिळालं. २७ सप्टेंबर २००९ ला लायन्सनी वॉशिंग्टनला १९-१४ हरवलं, एकोणीस मॅचची साडेसाती संपली, तेव्हा काकांनी दार वाजवून मला बाहेर बोलावलं आणि अंगणात उभं राहून दोन्ही हातांनी माझा हात धरून हलवला, बराच वेळ. आणि जानेवारी २०२४ मध्ये रॅम्सला २४-२३ हरवून बत्तीस वर्षांनी प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, मॅच जिंकली, तेव्हा ते फ्लोरिडाला होते, फोन आला, पलीकडून काही बोलणंच येईना, मीच आपली हॅलो हॅलो करत राहिले.

त्या २१ डिसेंबरच्या मॅचचं तिकीट माझ्याकडे अजून आहे. देव्हाऱ्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये पासपोर्टच्या पाकिटात ठेवलंय, शाई फिकट झालीये पण सीट नंबर वाचता येतो. त्याचा फोटो लायन्सच्या मूळ पोस्टमध्ये आता जोडलाय. तुमची कमेंट मी काढलेली नाही, काढणारही नाही. तो एक शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावा असं मला वाटतं.