'त्या काळी सगळेच करत होते' : जॉर्जटाऊनने विकलेली 272 माणसं

वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाऊन या कॅथलिक विद्यापीठाचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. थोडक्यात तो असा : 1838 साली हे विद्यापीठ चालवणाऱ्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी गुलाम विकले हे खरं, पण त्या काळी सगळेच गुलाम ठेवत, कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. विकले नसते तर विद्यापीठ बुडालं असतं. विकलेले लोक दक्षिणेतल्या लुइझियाना राज्यात तापाने मेले, मागे कुणी उरलं नाही. आणि आता माफी मागून झाली आहे, तेव्हा विषय मिटला.

या चारांतलं एकही विधान टिकत नाही. सर्वांत जास्त पसरलेलं आणि सर्वांत खोटं पहिलं आहे, म्हणून त्याच्यावरच जास्त लिहितो.

कुणालाच वावगं वाटत नव्हतं? एडवर्ड क्वीनला वाटत होतं. वॉशिंग्टनशेजारच्या मेरीलँड राज्यातल्या व्हाइट मार्श या जेझुइटांच्या मळ्यावर तो गुलाम होता. 1791 मध्ये त्याने मळ्याचे प्रमुख फादर जॉन अ‍ॅश्टन यांच्यावरच खटला भरला. माझी आजी मेरी क्वीन स्वतंत्र बाई होती, म्हणून मीही स्वतंत्र, असं त्याचं म्हणणं होतं. 1794 मध्ये तो जिंकला. जॉर्जटाऊनची स्थापना 1789 ची, बिशप जॉन कॅरल यांनी केलेली. म्हणजे संस्था जेमतेम दोन वर्षांची असताना तिला पोसणाऱ्या मळ्यांवरचा एक माणूस कोर्टात उभा राहून सांगत होता की हे चुकीचं आहे. 'त्या काळी' म्हणताना आपण हा माणूस मोजतच नाही. गुलाम ठेवणाऱ्यांचं मत तेवढं काळाचं मत धरतो, आणि ज्यांना गुलाम केलं ते जणू त्या काळात राहतच नव्हते.

बरं, मालकांच्या बाजूचं पाहू. 1814 मध्ये मेरीलँडच्या याच पाद्र्यांनी आपले सगळे गुलाम मुक्त करण्याची चर्चा केली होती. 1820 मध्ये तो बेत त्यांनी स्वतःच गुंडाळला. त्याच वर्षी आयर्लंडहून पाहणीला आलेले जेझुइट पीटर केनी यांनी मळ्यांवरच्या गुलामांच्या हालांवर बोट ठेवलं आणि गुलाम ठेवणं सोडून द्या असा सल्ला दिला. प्रत्यक्ष विक्रीच्या वेळी सेंट इनिगोज मळ्याचे फादर जोसेफ कारबेरी विरोधात होते. तिथले काही लोक जंगलात लपले आणि वाचले. न्यूटाउन मळ्याचे फादर पीटर हावरमान्स यांनी माणसं कशी नेली गेली ते डोळ्यांनी पाहून रोमला पत्राने कळवलं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1839 मध्ये, पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारं फर्मान काढलं. जगाकडे पाहायचं, तर विक्रीचा करार झाला 19 जून 1838 ला आणि त्याच वर्षी 1 ऑगस्टला ब्रिटिश वेस्ट इंडीजमधले गुलाम पूर्ण मोकळे झाले. पेनसिल्व्हेनियाने तर टप्प्याटप्प्याने मुक्तीचा कायदा 1780 मध्येच केला होता.

मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. त्या देशात त्या काळी दोन बाजू होत्या आणि त्यांतली एक निवडता येत होती, हे पुण्यात बसून त्यांना स्वच्छ दिसत होतं.

दुसरं, नाइलाजाचं. कर्ज होतं, खरंच. पण ते आभाळातून पडलं नव्हतं. फादर थॉमस मलेडी कॉलेजचे अध्यक्ष असताना त्यांनी धडाक्याने इमारती बांधल्या, त्यातून ते वाढलं. पुढे तेच मलेडी मेरीलँडच्या जेझुइटांचे प्रांतप्रमुख झाले आणि त्यांनीच 272 माणसं 1,15,000 डॉलरला विकायचा करार केला. घेणारे दोघे लुइझियानाचे मळेवाले : माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन आणि जेसी बेटी. मळ्यांच्या जमिनी मात्र पाद्र्यांनी स्वतःकडेच ठेवल्या.

रोमहून जेझुइटांचे प्रमुख यान रोथान यांनी परवानगी देताना अटी घातल्या होत्या : कुटुंबं तोडायची नाहीत, लोकांना आपला धर्म पाळता आला पाहिजे, पैसा कर्ज फेडायला वापरायचा नाही. कुटुंबं तुटली. पहिल्या हप्त्याच्या 25,000 डॉलरपैकी सुमारे 17,000 कॉलेजच्या कर्जात गेले. मलेडींना रोमला बोलावलं गेलं, 1839 मध्ये पद सोडावं लागलं, पण काही वर्षांनी ते पुन्हा जॉर्जटाऊनचे अध्यक्ष झालेच आणि आवारातल्या एका इमारतीवर त्यांचं नाव 2015 पर्यंत होतं. ज्याच्या हातून स्वतःच्या वरिष्ठांच्या अटीही पाळल्या गेल्या नाहीत, त्याच्या वतीने आपण नाइलाजाची सबब का पुढे करायची?

माफीचं पाहू. नोव्हेंबर 2015 मध्ये विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर ठिय्या दिला, तेव्हा मलेडींचं नाव उतरलं. एप्रिल 2017 मध्ये विद्यापीठाने आणि जेझुइटांनी वंशजांसमोर माफी मागितली. त्या इमारतीला विकलेल्यांपैकी आयझॅक हॉकिन्स यांचं नाव मिळालं, आणि दुसऱ्या एका इमारतीला अ‍ॅन मेरी बेक्राफ्ट यांचं. पंधराव्या वर्षी जॉर्जटाऊन गावात कृष्णवर्णीय मुलींसाठी शाळा काढणारी ही बाई. हे सगळं चांगलंच झालं. पण विषय मिटला असता तर 2019 मध्ये विद्यार्थ्यांनी वंशजांसाठी दर सत्राला 27.20 डॉलर स्वतःच्या खिशातून द्यायला मतदान केलं नसतं. सुमारे दोन तृतीयांश मतं बाजूने पडली. विद्यापीठाने ती फी लावली नाही, त्याऐवजी वर्षाला 4 लाख डॉलर उभे करायचं जाहीर केलं. 2021 मध्ये जेझुइटांनी वंशजांबरोबरच्या प्रतिष्ठानासाठी 10 कोटी डॉलरचं वचन दिलं. हिशेब अजून चालू आहे, आणि तो चालू ठेवणारे वंशजच आहेत.

म्हणून राहिलेला मुद्दा शेवटी घेतला : मागे कुणी उरलं नाही म्हणे. करारासोबतच्या यादीत पहिलं नाव आयझॅकचं, वय 65. त्याच यादीत दोन महिन्यांचं तान्हं बाळ आहे आणि तेरा वर्षांचा कॉर्नेलियस हॉकिन्स आहे. 'सगळे तापाने मेले' हे उत्तर एका माजी विद्यार्थ्याला पटलं नाही, म्हणून शोध सुरू झाला आणि हजारो वंशज सापडले. कॉर्नेलियस लुइझियानात मोठा झाला, संसार केला, 1902 मध्ये वारला. ज्यांनी त्याला विकलं त्यांचाच धर्म त्याने शेवटपर्यंत पाळला, त्यामुळे चर्चच्या दप्तरांतून त्याचा माग काढता आला. मॅरिंगविन गावच्या कॅथलिक दफनभूमीत त्याची कबर आहे, आणि त्याच्या रक्ताची माणसं आजही त्या गावात राहतात.