चुकीचं खातं डिलीट करू नका, दुरुस्त करा

घरखर्चाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो: 'खातं चुकीचं उघडलं गेलं? डिलीट करा, नवं उघडा, स्टेटमेंट पुन्हा इम्पोर्ट करा आणि उरलेला फरक ॲडजस्टमेंटच्या एका नोंदीत टाका.' हा सल्ला ऐकून लोक वर्षावर्षाचा हिशेब घालवून बसतात, म्हणून हे लिहितो आहे.

आधी 'डिलीट करा' बघू. नेहमीची चूक म्हणजे क्रेडिट कार्डाचं खातं 'बँक' प्रकारात उघडणं. त्यातही खरेदी वजा आणि बिलाचा भरणा जमा असाच लिहिला जातो. म्हणजे नोंदी बरोबर असतात, चुकीची असते ती खात्यावरची पाटी. ग्नूकॅश या हिशेबाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'खातं संपादित करा' उघडून बँकेचं क्रेडिट कार्ड करता येतं, आतल्या नोंदींना धक्का लागत नाही. खातं डिलीट केलं तर मात्र बिल भरल्याची नोंद बँकेच्या खात्यातही असते, तीही बिघडते. एक दुरुस्त करायला जाऊन दोन खाती मोडतात.

'पुन्हा इम्पोर्ट करा' म्हणणं सोपं आहे. बँकेच्या फाइलमध्ये तारीख, रक्कम आणि त्रोटक तपशील एवढंच येतं. किराणा कुठला, औषधं कुठली, हे तुम्ही लावलेलं वर्गीकरण त्यात नसतं, आणि स्टेटमेंटशी ताळा जमल्याच्या खुणाही नसतात.

ॲडजस्टमेंटचा मुद्दा मला सर्वात घातक वाटतो. समजा, सुरुवातीला कार्डावर 12,000 देणं होतं आणि तुम्ही ते 12,000 जमा म्हणून लिहिलंत. स्टेटमेंटशी फरक 24,000 चा दिसेल, चुकीच्या बाजूला लिहिलेल्या रकमेच्या बरोबर दुप्पट. (न जुळणाऱ्या फरकाची निम्मी रक्कम शोधायची, ही खतावणी लिहिणाऱ्यांची जुनी सवय आहे, आजही कामाला येते.) आजच्या तारखेला 24,000 ची नोंद टाकलीत की आजची शिल्लक जुळेल, पण मागच्या प्रत्येक महिन्याची निव्वळ मालमत्ता (मालमत्ता वजा देणी) 24,000 ने फुगलेलीच राहील. ती नोंद खर्चात गेली तर हा महिनाही बिघडला. सुरुवातीच्या शिलकीची मूळ नोंद उघडा आणि रक्कम दुसऱ्या बाजूला न्या. एवढंच करायचं आहे.

काही वेळा नवं खातं उघडावंच लागतं, हे मान्य. चलन चुकलं असेल, शेअरचं खातं बँकेचं करायचं असेल किंवा सॉफ्टवेअर प्रकार बदलूच देत नसेल, तर इलाज नाही. पण तेव्हाही आधी बॅकअप घ्या, नोंदी नव्या खात्यात हलवा आणि जुनं खातं रिकामं झाल्यावरच काढा. ग्नूकॅश तर खातं काढतानाच विचारतं की आतल्या नोंदी दुसऱ्या खात्यात हलवायच्या की पुसायच्या. तिथे घाईने बटण दाबू नका. मग एखादं जुनं स्टेटमेंट काढून त्या तारखेची शिल्लक ताडून बघा, कारण नुसती आजची शिल्लक ॲडजस्टमेंटनेही जुळते.