विट्यात राहणं परवडतं कुणाला?

दसरा-दिवाळीला किंवा जत्रेला बाहेरगावची मंडळी आली की एक वाक्य ठरलेलं असतं. "तुम्ही सुखात आहात बघा इथं. मोकळी हवा, पाणी, माणसं. आमचं काय तिकडं जगणं हाय?" आणि आठ दिवसांनी हाच माणूस शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पोतं आणि आईच्या हातच्या करंज्या गाडीत टाकून निघतो. इथल्या सुखात कायमचं राहायला यायचा विषय काही काढत नाही.

मी लग्न होऊन साताऱ्याहून सांगली जिल्ह्यातल्या या विट्यात आले आणि बारा महिने इथंच असते. जीएसटी, इन्कम टॅक्सची कामं करते, त्यामुळे यंत्रमागवाले, पोल्ट्रीवाले, किराणावाले, सगळ्यांची गाऱ्हाणी कानावर पडतात. (आकडे माझ्या टेबलावरून उठत नाहीत, क्लायंट मंडळींनी काळजी करू नये.) हल्ली "शहर सोडून गावी जावं का" हे जिकडंतिकडं वाचायला मिळतं, म्हणून म्हटलं आपणही लिहावं. पोस्ट मोठी आहे.

ही चर्चा आपल्याकडं फार बाळबोध चालते. एका बाजूला शांतता आणि ताजी भाजी, दुसऱ्या बाजूला मॉल नाही आणि मल्टिप्लेक्स नाही. मॉलवाचून कुणाचंही काही अडत नाही हो. माझं म्हणणं वेगळं आहे. छोट्या गावाचे फायदे खरे आहेत, पण ते घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाहीत. एकाचा आराम बऱ्याचदा दुसऱ्या कुणाच्या तरी जिवावर चाललेला असतो. आणि फायद्या-तोट्यांची यादी करायला बसतो तो नेमका आरामातला माणूस.

आधी त्या 'पाण्या'चं बोलू. गावचं पाणी म्हणून उसासे टाकणाऱ्यांना आमचा खानापूर तालुका माहीत नाही. हा कृष्णाकाठ नव्हे. कृष्णा खाली वाहते, आम्ही वर. पाऊस पडला तर पडला. म्हणून तर खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्याला बाहेर पडली. सराफ बाजारातल्या गल्लीत एक खोली, भट्टी, मूस आणि ॲसिड. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं. केरळ, तमिळनाडूपासून वर दिल्लीपर्यंत सराफ बाजारांत आमच्याकडची माणसं बसलेली आहेत. त्या धुरात दिवसभर उभं राहून छातीचं काय होत असेल, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

मग टेंभू आली. १९९६ साली मंजूर झालेली योजना. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवायचं आणि पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी करत पार सांगोल्यापर्यंत न्यायचं. मंजुरीपासून शेतात पाणी दिसेपर्यंत कित्येकांची उमेद गेली. आज रस्त्याच्या कडेला ऊस दिसतो तो या पाण्यावर. पाणी चढवायला वीज लागते आणि विजेचं बिल येतं. "आवर्तन (म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी) कधी सुटणार?" हे इथं कुठल्याही कट्ट्यावर ऐका. सुट्टीला आलेला पाहुणा ज्या हिरव्यागार बांधावर उभा राहून फोटो काढतो, त्या हिरव्याला मीटर आहे, एवढं त्याला सांगावंसं वाटतं.

तर गाव टिकलं ते बाहेर गेलेल्यांच्या पैशावर. चांगल्या अर्थानंच म्हणते. मंदिरांचे जीर्णोद्धार, शाळांच्या खोल्या, जत्रेचे महाप्रसाद, सगळीकडं गलाईवाल्यांच्या देणग्या. आणि बंगले! दोन-दोन मजली, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, स्टीलचे कठडे आणि वर्षातले बहुतेक दिवस गेटला कुलूप. आमच्या शेजारी असाच एक आहे. मालक कोइमतूरला. किल्ली आमच्याकडं, दिवा लावायचं काम माझ्या सासूबाईंकडं. मागच्या वर्षी त्यांनी कॅमेरे बसवले. आता मी दुपारी पापड वाळत घालत असते आणि फोन वाजतो. "वहिनी, गेटपाशी कुत्रं बसलंय, तेवढं हाकला की." तिथून हजार किलोमीटरवर बसून माणूस आपल्या ओट्यावरचं कुत्रं बघतोय! मी हाकलते. दहा मिनिटांनी ते परत येऊन बसतं, पण तोवर त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आलेलं असतं.

या पैशाचा एक परिणाम बोलला जात नाही. "गावात स्वस्ताई असते" म्हणतात. भाडं कमी आहे, भाजी कमी आहे, कबूल. पण जागेचा भाव विचारून बघा. मोक्याच्या प्लॉटचा आकडा ऐकून पुण्याचा पाहुणा चहा तसाच ठेवून माझ्या तोंडाकडं बघत बसला होता. सिमेंट, पेट्रोल, मोबाईलचं रिचार्ज, मुलांचे क्लास, यातलं काहीही आम्हाला गाववाले म्हणून कमी दरात मिळत नाही. पगार मात्र गावच्या दरानं. इथं स्वस्तात राहतो तो वाडवडिलांचं घर असलेला. माग चालवायला बाहेरून आलेल्या कामगाराला विचारा स्वस्ताई कुठं आहे ते.

आता चांगलं सांगते, नाहीतर बाहेरची म्हणून टोमणे मारते असं व्हायचं.

सासऱ्यांच्या छातीत कळ आली ती रात्री. यजमान बाहेरगावी. मी नुसती दारात येऊन हाक मारली. समोरचे काका बनियनवर गाडी काढून उभे, मागच्या गल्लीतला दूधवाला पोरगा सासऱ्यांना उचलायला, त्याच्या आईनं माझ्या मुलीला आपल्या घरी झोपायला नेलं. ॲम्ब्युलन्सचा नंबर शोधेपर्यंत आम्ही तासगावच्या वाटेला लागलो होतो. हे पुण्यात झालं असतं का? काही सोसायट्यांत झालंही असतं. इथं ते होणारच, हे मात्र मी पैज लावून सांगते.

पण गाडी मिरजेपर्यंत न्यावी लागली. रात्रीचा तो रस्ता, मागच्या सीटवर घामानं भिजलेला माणूस, आणि प्रत्येक खड्ड्याला माझा हात त्यांच्या छातीवर. डॉक्टर इथंही चांगले आहेत, थंडीताप, बाळंतपण, हाड मोडणं इथंच निभावतं. हृदयाचं, मेंदूचं काही असेल तर मिरज-सांगली नाहीतर कराड. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढलं आणि तेव्हापासून या सगळ्या मुलखाचा दवाखाना म्हणजे मिरज. म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांचीही तीच वाट होती. तेव्हा बैलगाडी होती, आता स्कॉर्पिओ आहे, पण जायचं मिरजेलाच. सासरे वाचले. घरी आल्यावर अख्खी गल्ली भेटायला आली. शहाळी, सफरचंदं, आणि प्रत्येकाचा दुसरा प्रश्न, "बिल किती झालं?" पहिला प्रश्न मी सांगत नाही.

गाव स्वच्छ आहे, हे अभिमानानं सांगते. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत विटा देशात पहिलं आलं. लोणावळा आणि सासवड आमच्या मागं. ते श्रेय सकाळी उठून ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या बायकांचं आणि घंटागाडीवरच्या माणसांचं. दसऱ्याला रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत असते तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. ती शर्यत एकदा बघाच. खांद्यावर पालखी घेऊन पळणारी पोरं आणि दोन्ही बाजूंचा तो आरडाओरडा लिहून सांगण्यासारखा नाही.

सगळे सगळ्यांना ओळखतात, हा फायदाच. रात्री हाकेला धावून येतात ते त्यामुळंच. पण भाड्यानं खोली बघायला आलेल्या मुलाला "काय काम करता?" विचारायच्या आधी "आडनाव काय? गाव कुठलं?" विचारलं जातं, तेही त्याच ओळखीपायी. आडनाव सोयीचं निघालं नाही तर खोली "पाव्हण्याला शब्द दिलाय" म्हणून जाते. हे आपल्याला माहीत आहे, उगाच कमेंटमध्ये "आमच्याकडं असलं काही नाही" म्हणू नका.

आणखी एक. मन बरं नसण्याची गोळी इथल्या मेडिकलमधून कुणी घेत नाही. काउंटरवरचं पोरगं भाच्याच्या वर्गातलं असतं. माझ्या ओळखीची एक बाई दर महिन्याला एसटीनं सांगलीला जाते, घरी सांगते साडीला फॉल-पिको करायला टाकलंय. चिठ्ठी दाखवून तीच गोळी इथंही मिळते. साडी काही दर महिन्याला नसते, पण घरात कुणी विचारत नाही. त्यांनाही ठाऊक असावं असा माझा अंदाज आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते. आमच्या नात्यातलं एक जोडपं पुण्याहून इकडं आलं. दोघंही कॉम्प्युटरवाले, दोघांनाही घरून काम. तो खूश. सकाळी शेतावर चक्कर, आईच्या हातचं जेवण, संध्याकाळी मित्रांबरोबर कट्टा. त्याची खोली वर, दार लोटलं की "तो कामात हाय" म्हणून घरात सगळे हळू बोलतात. तिचा लॅपटॉप स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. ती मीटिंगमध्ये असताना बाहेरून हाक येते, "अगं, पाव्हणं आल्यात, चहा ठेव. घरीच तर हायस." तिनं एकदा माइक बंद करायच्या आत ही हाक तिच्या मॅनेजरनं ऐकली. पगार दोघांचा जवळपास सारखा. घरात सासू वाईट नाही, नवराही वाईट नाही. पण त्याला गावाकडं जो निवांतपणा मिळाला, तेवढा वेळ तिच्या दिवसातून गेला. पुण्यात भांड्याला बाई होती, पोळ्याला बाई होती. इथं "घरात दोन बायका असताना बाई कशाला?" असा प्रश्न येतो. पहिली संक्रांत झाली आणि ती पुण्याला परत गेली. तो इथंच आहे, शनिवार-रविवार जाऊन येतो. नात्यात चर्चा काय? "तिला गावचं मानवलं नाही."

आणि लग्नाच्या बाजारात जरा डोकावा. गावचं जगणं कसं भारी यावर तासभर बोलणारे एक गृहस्थ मुलीसाठी स्थळं बघतायत. अट एकच, मुलगा पुण्यात नोकरीला पाहिजे. घरची शेती असली तर उत्तम, पण तो शेतात नको. इकडं ट्रॅक्टर असलेली, द्राक्षबाग असलेली, चांगली शिकलेली पोरं पस्तिशीला टेकली तरी मुलगी मिळत नाही. मुलींना दोष द्यायची फॅशन आहे. मी देत नाही. रयत शिक्षण संस्थेचं बळवंत कॉलेज गावात आहे, मुली घरी राहून पदव्या घेतात, हुशार निघतात. पदवी घेतल्यावर तिनं इथं करायचं काय? शाळेत विनाअनुदानित तुकडीवर, पतसंस्थेच्या काउंटरवर, नाहीतर माझ्यासारखीच्या ऑफिसात. माझ्याकडं एका जागेसाठी बी.कॉम., एम.कॉम. मुलींची रांग लागते आणि त्यांना देता येतो तो पगार सांगताना माझी मान वर होत नाही. जिथं आपल्याला काम नाही आणि दोन वेळच्या स्वयंपाकाची खात्री आहे, तिथं मुलगी येईल कशाला?

माझी मुलगी यंदा बारावीला आहे. कोल्हापूर की पुणे एवढाच तिचा घोळ चाललाय. सासूबाईंचं म्हणणं, इथं कॉलेज असताना एवढा खर्च कशाला. त्यांना मी फॉर्म भरून झाल्यावर सांगणार आहे.

मग तू का राहतेस, असं कमेंटमध्ये येणारच आहे, आधीच सांगते. माझं ऑफिस इथं बसलंय. लोक माझ्या नावानं येतात, अमक्याची सून म्हणून नाही, आणि ते व्हायला बराच काळ गेला. घर ते ऑफिस मी चालत जाते. सासरे आता चहा स्वतः करून घेतात, मिरजेहून आल्यावर डॉक्टरांनी हलकी कामं करा म्हटलं, ते मी जरा ताणून सांगितलं. पोळ्यांना मी बाई लावली, गल्लीत महिनाभर त्यावर बोलणं झालं, नंतर आणखी दोन घरांत तीच बाई लागली. संध्याकाळी साडेसहाला मी घरी असते आणि उजेड असेपर्यंत गच्चीवर काहीतरी वाचत बसते. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी त्या वेळी कात्रज चौकात अडकलेल्या असतात. जुलै महिना सोडून, बरं का. जुलैत रिटर्नांच्या गडबडीत मी कुठल्याच गावात राहत नसते.