फ्रान्सला आजही ‘वसाहत कर’? खुलासा

‘आफ्रिकेतले 14 देश आजही फ्रान्सला वसाहत कर भरतात’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. असा कुठलाही कर नाही. पण मेसेज हवेतून आलेला नाही, आणि धूर नेमका कुठून निघतो ते पाहायला हवं.

हे 14 देश सीएफए फ्रँक वापरतात: 8 पश्चिम आफ्रिकेतले, 6 मध्य आफ्रिकेतले. (त्यातला गिनी-बिसाऊ पोर्तुगालची वसाहत होता आणि इक्वेटोरियल गिनी स्पेनची. मग फ्रान्सला ‘वसाहत कर’ कसला?) या चलनाचा युरोशी दर पक्का आहे, 1 युरोला 655.957 फ्रँक, आणि त्याची हमी फ्रान्स देतो. त्या बदल्यात त्यांच्या मध्यवर्ती बँकांना परकीय गंगाजळीचा ठरावीक हिस्सा, अलीकडे निम्मा, फ्रेंच सरकारी खजिन्यातल्या खात्यात ठेवावा लागे. पैसा त्यांच्याच मालकीचा, वर व्याजही मिळे. म्हणजे ही ठेव होती.

तरी आपला पैसा दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवायची सक्ती कुणाला टोचणार नाही? टीका रास्तच होती. डिसेंबर 2019 मध्ये आबिजानमध्ये मॅक्राँ आणि आयव्हरी कोस्टचे अध्यक्ष वातारा यांनी पश्चिमेकडच्या 8 देशांसाठी ही अट रद्द करण्याची घोषणा केली, आणि पुढे ती अमलातही आली. हमी आणि पक्का दर मात्र कायम आहे. चलनाचं नाव बदलून ‘इको’ करायचंही तेव्हाच ठरलं होतं. ते अजून झालेलं नाही. मध्य आफ्रिकेतल्या 6 देशांना ती घोषणा लागू नव्हती.