मानशीचा पैसा बांधाला, मग मोपाचा कुठे?

गोव्याच्या मोपा विमानतळाच्या कमाईबद्दलचा एक मेसेज सध्या पेडणे तालुक्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. मला तो तीन ठिकाणांहून आला. एका ग्रुपचा मी ॲडमिन, म्हणून दोघांनी फोन करून सांगितले की काढून टाक. काढला नाही. त्यातले निम्मे खरे आहे, आणि निम्मे खरे असलेले पुसून भागत नाही, त्याला उत्तर द्यावे लागते.

मेसेजचे म्हणणे थोडक्यात असे. विमानतळ सरकारी जमिनीवर आहे, तेव्हा त्याच्या कमाईतला वाटा सरळ तिजोरीत जावा. त्यातून पगार भागतील, गृह आधार, म्हणजे गृहिणींना दरमहा मिळणारी सरकारी मदत, वाढवता येईल, कर वाढवायला नकोत. पैसे बाहेरचे पर्यटक भरतात, गोंयकाराला झळ नाही. अमेरिकेत शहरे अशीच विमानतळांवर पोसली जातात. वेगळा निधी काढा म्हणणाऱ्यांना राज्यघटना ठाऊक नाही. आणि वाटा तिजोरीत घेतला नाही तर गोव्याच्या जुन्या दाबोळी विमानतळासारखा सगळा पैसा दिल्लीला जाईल. शेवटी एक टोला: ज्याला पटत नाही त्याने रेल्वेने जावे.

आधी खरे काय ते मान्य करू. २०१६ च्या करारानुसार विमानतळ चालवणारी कंपनी ढोबळ महसुलाचे ३६.९९ टक्के गोवा सरकारला देणे लागते, आणि हा करार ४० वर्षांचा आहे. म्हणजे शंभरातले जवळजवळ सदतीस रुपये. हा वाटा घेणे बेकायदा आहे असे सांगणारा दुसराही एक मेसेज फिरतो, तो याहून चुकीचा. लिलावात बोली लागली, सरकारने ती स्वीकारली, वाटा सरकारचा. प्रश्न एवढाच की तो घेऊन करायचे काय.

आता ‘सरकारी जमीन’. ही जमीन सरकारला वारशाने आलेली नव्हे. मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे इथल्या लोकांची भाटे, काजूचे डोंगर, चरायची माळराने सार्वजनिक कामासाठी म्हणून संपादित झाली, आणि ते काम कागदावर विमानतळ असे लिहिलेले होते. ‘गोव्याचे पगार भागवण्यासाठी’ असे लिहिले असते तर नोटिशीवर किती हरकती आल्या असत्या याचा अंदाज पेडण्यातल्या कुणालाही करता येईल.

शिवाय तिकिटात आपण भरतो ते ‘युजर डेव्हलपमेंट फी’ हे शुल्क आहे, कर नव्हे. हा नुसता शब्दांचा खेळ वाटेल. पण आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या धोरणात दोन्हींची व्याख्या वेगळी केली आहे: सेवा पुरवण्याचा खर्च भरून काढायला घेतात ते शुल्क, आणि सरकारी महसूल उभा करायला घेतात तो कर. आपल्याकडेही २००८ च्या कायद्याने आलेला विमानतळ आर्थिक नियामक मोठ्या विमानतळांचे दर ठरवताना इमारत-धावपट्टीत गुंतलेली रक्कम, तिच्यावरचा परतावा, घसारा, चालवण्याचा खर्च असा हिशेब मांडतो. दुकाने, जाहिराती, पार्किंग यांतून येणाऱ्या कमाईचा ३० टक्के भाग त्यातून वजा होतो, म्हणजे प्रवाशाचा बोजा तेवढा हलका होतो. या हिशेबात गृह आधार कुठेच नाही.

इथे एक हुशार माणूस मला म्हणाला की सरकारचा वाटा प्रवाशाच्या खिशातून जातच नाही, तो कंपनीच्या नफ्यातून जातो. यात तथ्य आहे. दिल्लीच्या करारात तर स्पष्टच लिहिले आहे की असा वाटा खर्च म्हणून दरात धरायचा नाही. पण शंभरातले सदतीस देऊन झाल्यावर कंपनी हातावर हात ठेवून बसत नाही. मग चहाचा कप महागतो, दुकानाचे भाडे चढते, गाडी आत नेण्याचे शुल्क वाढते. पेडण्यातल्या टॅक्सीवाल्यांनी काउंटरसाठी आणि शुल्कासाठी आंदोलने केली ती आपण पाहिली. त्यांचे गाऱ्हाणे ऐकायचे सरकारने, परवाने द्यायचे सरकारने, आणि ज्या कमाईविरुद्ध गाऱ्हाणे आहे तिच्यात वाटाही सरकारचाच. शुल्क उतरले तर तिजोरीतले उतरणार. अशा वेळी मंत्री कुणाच्या बाजूने मनापासून भांडेल?

आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, ही गोष्ट शेकडो वर्षे कळलेली आहे. खाडीच्या बांधाला मानस, म्हणजे पाण्याचे दार, असते. भरतीला ती आपोआप मिटते, ओहोटीला उघडते, शेत खाऱ्या पाण्यापासून वाचते. मानशीवर मासे मिळतात, त्या माशांची पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि पावणीचा पैसा बांधाच्या डागडुजीला जायचा असतो. कूळ-मुंडकारापासून भाटकारापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक. जिथे हा शिरस्ता मोडला तिथे काय झाले तेही ठाऊक आहे. पावणीची रक्कम दुसरीकडे वळली, बांधाला चिखल-दगड मिळेनासा झाला. त्याहून वाईट म्हणजे पावणी जितकी मोठी, तितका ठेकेदाराला मासा जास्त हवा, म्हणून मानस नको त्या वेळी उघडी राहिली आणि खारे पाणी भातात शिरले. मासे वाईट नव्हते, पावणीही वाईट नव्हती. शेत राखायचे साधन मासे मारायचे साधन झाले. विमानतळाच्या वाट्यावर सरकारचा महिन्याचा खर्च अवलंबून ठेवला तर मोपाची मानसही अशीच उघडी राहील अशी मला भीती वाटते.

ही भीती पुस्तकी नाही. खाण आठवा. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुढे सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. सरकारने, ट्रकवाल्यांनी, बार्जवाल्यांनी एकाच झऱ्यावर तहान भागवायची सवय लावून घेतली होती; झरा आटला तेव्हाचे दिवस सांगे, केपे, डिचोली, सत्तरी विसरलेली नाही. विमानतळही एका रात्रीत आटू शकतो. २५ मार्च २०२० ला देशांतर्गत प्रवासी विमाने बंद झाली ती २५ मेपर्यंत उडाली नाहीत. त्या दोन महिन्यांत गृह आधारचे पैसे टर्मिनलच्या कमाईवर टांगलेले असते, तर ज्या घरांना तेव्हाच त्यांची सर्वाधिक गरज होती तिथेच ते पोचले नसते. गृह आधार वाढवावा, जरूर वाढवावा. तो करांतून वाढवावा आणि विधानसभेत तसे सांगून वाढवावा.

‘बाहेरचे भरतात’ याला फार वेळ द्यायची गरज नाही. मोपाला पहाटे तीन वाजता उभे राहून पाहा. बोटीवर जायला निघालेला तारवटी, आखातात कामाला असलेला बारदेशचा मुलगा, मुंबईच्या इस्पितळात तपासणीला चाललेली आजी. आणि बांदा-सावंतवाडीचा माणूस, ज्याला गोव्याच्या कुठल्याच योजनेचा लाभ नाही आणि ज्याचे मतही इथे नाही. ते सगळे तेच शुल्क भरतात.

अमेरिकेचा मुद्दा मात्र सविस्तर घ्यायला हवा, कारण मेसेजने तो नेमका उलटा सांगितला आहे. तिथे बहुतेक मोठे विमानतळ शहरांचे, परगण्यांचे किंवा सार्वजनिक मंडळांचे आहेत, हे बरोबर. पण १९८२ पासून तिथला केंद्रीय कायदा सांगतो की विमानतळाला केंद्राचे अनुदान हवे असेल तर विमानतळाची कमाई विमानतळावरच, किंवा त्याच मालकाच्या हवाई वाहतुकीशी संबंधित सोयींवरच खर्च झाली पाहिजे. १९८७ मध्ये विमान इंधनावरचे राज्यांचे आणि स्थानिक कर या कुंपणात आले. आधीपासून चालू असलेले तेवढे वगळले. १९९३ च्या महापौर निवडणुकीत रिचर्ड रिओर्डन यांनी लॉस एंजेलिसचा विमानतळ भाड्याने देऊन त्या पैशात पोलीस भरती करू असे आश्वासन दिले आणि ते निवडूनही आले. शहराच्या तिजोरीला विमानतळ किती गोड लागतो ते तिथे दिसले. १९९४ आणि १९९६ मध्ये तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, नियम आणखी आवळले. आता पैसा वळवला तर वळवलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो.

मग मेसेजवाल्याला उलटे कुठून कळले? बहुधा अपवादांवरून. १९८२ च्या आधीपासून ज्यांचे करार किंवा कायदे होते त्या मोजक्या ठिकाणांना सूट मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ दुकाने, भाडी यांसारख्या कमाईतले साधारण १५ टक्के आजही शहराच्या सर्वसाधारण निधीला देतो. हा अपवाद आहे म्हणूनच तो माहीत असतो. आपल्याकडे लोक कॅसिनोवाल्या बोटींकडे बोट दाखवून ‘गोवा असाच’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

अमेरिकेचा नियम मोपाला जसाच्या तसा चिकटवावा असे मात्र मी म्हणणार नाही. तिथे मालक आणि चालवणारे बहुधा सार्वजनिक असतात. इथे चालवणारी खाजगी कंपनी आहे. सगळा पैसा विमानतळातच ठेवा म्हटले तर तो तिच्याच गल्ल्यात राहील, आणि तेवढ्यासाठी मी लेख लिहीत बसणार नाही. कुंपण हवे ते सरकारच्या सदतीस रुपयांभोवती.

आणि असे कुंपण आपल्या देशाला नवीन नाही. केंद्राच्या विमानतळ प्राधिकरणाच्या कायद्यातले विकास शुल्क केवळ विमानतळाची वाढ, सुधारणा किंवा नव्या विमानतळाची उभारणी अशा ठरावीक कामांसाठीच घेता येते. दिल्ली-मुंबईत ते नियामकाने ठरवून न देताच वसूल झाले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ते बेकायदा ठरवले, आणि हे शुल्क त्या ठरावीक हेतूंसाठीच आहे असे म्हटले. सुरक्षा शुल्काचा पैसा २०१९ पासून वेगळ्या न्यासाकडे जातो. दिल्ली विमानतळाच्या महसुलातले ४५.९९ टक्के आणि मुंबईच्या ३८.७ टक्के प्राधिकरणाला मिळतात. ते तिथल्या राज्य सरकारांच्या पगारात जात नाहीत, देशातल्या बाकीच्या विमानतळांवर खर्च होतात.

इथेच दाबोळी येते. दाबोळी हा प्राधिकरणाच्या नफ्यात असलेल्या मोजक्या विमानतळांपैकी एक होता. धावपट्टी नौदलाची, टर्मिनल प्राधिकरणाचे, आणि कमाई देशभराच्या भांड्यात. त्या भांड्यातून तोट्यातले विमानतळ चालले, आणि केंद्र सरकारला लाभांशही गेला. गोंयकाराला याचा राग येणे मी समजू शकतो, मलाही येतो. पण तो राग कशाचा आहे? इथल्या प्रवाशाचा पैसा इथल्या विमानतळासाठी न वापरता दुसरीकडे गेला, याचाच. मग मोपाचा पैसा पर्वरीच्या सचिवालयातल्या पगाराला गेला म्हणून तो राग शमावा कसा? मेसेजने दाबोळीचे नाव काढून स्वतःचाच पाय खेचला आहे. शिवाय करारानुसार मोपाचा वाटा गोवा सरकारलाच देय आहे, तो दिल्लीला जायची वाट यात कुठे आहे ते मेसेज सांगत नाही.

राहिली घटना. कलम २६६ सांगते की राज्याला मिळणारा महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि विधानसभेच्या मंजुरीशिवाय तिथून पैसा हलत नाही. मेसेजने एवढेच वाचून पुस्तक मिटले. विधानसभा मंजुरी देऊन तोच पैसा ठरावीक कामाच्या राखीव निधीत वर्ग करू शकते. वेगळा निधी म्हणजे काय हे तर गोव्याला शिकवायला नको. खनिज विक्रीच्या रकमेतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत ठेवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ ला गोव्याच्याच खटल्यात दिला, पुढच्या पिढ्यांचा वाटा म्हणून. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली, त्यांचा पैसा खाणपट्ट्यातल्या लोकांसाठी. तेव्हा घटना आड आली नाही.

मोपाच्या वाट्यातून काय करता येईल याची यादी माझ्याकडे आहे, पण ती पेडण्यातल्या ग्रामसभांनी करावी. मला सुचते ते साधे आहे: जमीन गेलेल्यांच्या मुलांना विमानतळावर नुसती ट्रॉली ढकलण्यापलीकडचे काम मिळेल असे प्रशिक्षण, माळरान कापल्यावर आटलेल्या झऱ्यांचे काम, विमानतळाच्या वेळापत्रकाशी जुळणाऱ्या कदंबच्या बसेस, आणि धारगळच्या जोडरस्त्याखेरीज जे आतले रस्ते टॅक्सी आणि टँकरांनी उखडले ते. अंदाजपत्रकी अधिवेशनात आपल्या आमदाराला एवढेच विचारा की विमानतळाचा वाटा कुठल्या शीर्षाखाली जमा झाला आणि त्यातले किती पेडण्यात परत आले.

आता तो शेवटचा टोला, पटत नसेल तर रेल्वेने जा. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी फुटले आणि कोकण रेल्वे खोळंबली. आमच्या वाड्यावरचा एक मुलगा मुंबईला मुलाखतीला निघाला होता. तो स्टेशनावरून परतला, घरी येऊन ओला शर्ट बदलला आणि रिक्षा करून मोपाला गेला. ‘युजर डेव्हलपमेंट फी’ भरून.