2121 पर्यंत निश्चिंत राहा म्हणे!

‘खानदेश सगळ्यात सेफ. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर 2021 मध्ये येऊन गेला, आता 2121 पर्यंत काळजी नको. खाली काळा पाषाण, भूकंप होत नाही. पाऊस तर मुळातच कमी.’ व्हॉट्सअ‍ॅपवरचा हा मेसेज वाचून घरातलेच एक जण नाल्याकाठच्या प्लॉटचा बयाणा द्यायला निघाले, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे दर पावसाळ्यात 1 टक्का शक्यता. यंदा येऊन गेला तरी पुढच्या वर्षी पुन्हा तोच 1 टक्का. गृहकर्जाची 30 वर्षं धरा. 0.99 ला 30 वेळा गुणलं की 0.74 उरतात, म्हणजे एकदा तरी गाठ पडण्याची शक्यता 26 टक्के. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर लाल पूररेषा या पुराची असते. निळी 25 वर्षांतल्या पुराची. तिच्या आत घर असेल तर हाच आकडा 71 वर जातो. गट नंबर घेऊन आधी ती रेषा बघून या. विकणारा एनए ऑर्डर नाचवेल. त्या कागदाने जमीन बिगरशेती होते, उंच होत नाही. लहान नाल्यांची पूररेषा बहुधा आखलेलीच नसते. तिथे गटाचा जुना नकाशा काढा. प्लॉट पाडताना मुरूम टाकून बुजवलेला नाला त्यावर सापडतो, आणि पाणी येतं ते त्याच वाटेने.

पाऊस कमी? सरासरी कमी असेल. 31 ऑगस्ट 2021 ला अजिंठ्याच्या डोंगरात एका रात्रीत कोसळला आणि तितूर-डोंगरी या नद्या चाळीसगावात शिरल्या. त्या रात्री सरासरी कुणाच्या कामाला आली?

भूकंपाचं अर्धं खरं आहे: हिमालयाएवढा धोका इथे नाही, मान्य. पण 14 मार्च 1938 ला सातपुड्यात 6 रिश्टरहून मोठा धक्का बसलेला आहे. भूकंपाच्या 2002 च्या भारतीय मानकाच्या नकाशात तापीचं खोरं झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. किल्लारी तर 1993 मध्ये सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होती! आणि पाषाण म्हणाल तर यावल-रावेरकडे बोअर मारणाऱ्याला विचारा, गाळ किती खोल लागतो ते. मऊ गाळात हादरा वाढतो.

तेव्हा स्लॅबच्या आधी कॉलम बघा. उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या रिंगांचे हूक 135 अंशांत आत वळलेले हवेत. सेंट्रिंगवाले सर्रास 90 वर सोडतात, आणि हादऱ्यात तेच उघडतात. कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगांमधलं अंतर 100 मिलिमीटरच्या वर नको.